इतिहासाचा तास साडेसातला

बी.ए.ला कोणते विषय घ्यायचे, हे मी सडकेच्या एका पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या लहान पुलावर बसून ठरवलं. ठरवलं म्हणजे बाबांनी सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं. जेमतेम अर्धा तास लागला असेल. त्या अर्ध्या तासाची भरपाई करण्यात पुढं माझी तीन वर्षं गेली. हे आठवलं की आजही, खरं सांगायचं तर, थोडा राग येतो. तो कुणाचा येतो, हे मात्र मला कधी नीट सांगता आलेलं नाही.

बाबा मैलकुली होते, म्हणजे सडकेवरचे कायम मजूर. सावलीहून गडचिरोलीकडं जाणाऱ्या सडकेचा काही मैलांचा तुकडा त्यांच्याकडं असे. खड्ड्यात मुरूम भरायचा, कडेचं गवत कापायचं, पावसाळ्याआधी नाल्या मोकळ्या करायच्या, वादळात झाड आडवं पडलं तर कुऱ्हाड घेऊन पळायचं. आमचं गाव त्याच तुकड्यावर, वैनगंगेच्या अलीकडं. बाबांना अक्षरओळख सहीपुरती, मनगटावर घड्याळ कधीच नव्हतं. पण सडकेवरून जाणारी प्रत्येक लाल गाडी त्यांना पाठ होती. कोणती कुठून निघते, बाजाराच्या दिवशी किती उशीर करते, कोणता ड्रायव्हर थांब्याच्या पुढं नेऊन थांबवतो, सगळं. किती वाजले हे आम्ही घरात बाबांनाच विचारायचो, आणि ते कान देऊन सडकेकडं ऐकायचे.

मला मिडलच्या शाळेत मास्तरीण व्हायचं होतं. प्राथमिकला नाही, हायस्कूललाही नाही, पाचवी ते सातवीलाच. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीपासून पलीकडच्या गावात चालत जावं लागे, मध्ये झुडपी जंगल. चौथी पास झालेल्या आम्ही नऊ पोरी होतो, सातवीच्या परीक्षेला त्यातली मी एकटी बसले. बाकीच्या एकेक करत घरी राहिल्या. त्या शाळेत सगळे मास्तर पुरुष होते आणि पोरी मोठ्या होत होत्या, एवढंच कारण. तिथं एखादी बाई शिकवायला असती तर त्यांच्या आयांनी त्यांना पाठवलं असतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. ती बाई मला व्हायचं होतं.

डी.एड.ला माझा नंबर थोडक्यात हुकला. गावच्या गुरुजींनी धीर दिला. ते म्हणाले, "काऊन रडून राह्यली? बी.ए. कर, मंग बी.एड. कर. मिडललेच लागशीन." बी.एड.ला कोणते विषय चालतात हे त्यांना विचारायचं मला सुचलं नाही, आणि त्यांनाही सांगायचं सुचलं नाही. ते जुने व्हर्नाक्युलर फायनलवाले, सातवी होऊन मास्तर झालेले. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

गडचिरोलीच्या कॉलेजातल्या बाबूंनी फॉर्म दिला आणि म्हणाले, "इंग्रजी आणि मराठी कंपलसरी. बाकी तीन विषय तुमच्या मनचे. उद्या भरून आणजा." माझ्या मनचे! मला त्या शब्दाचा केवढा आनंद झाला होता. मी फळ्यावरचं वेळापत्रक वहीत उतरवून घेतलं आणि परत आले ती थेट बाबांकडं, ते जिथं काम करत होते तिथं.

ते पुलियावर बसून भाकर खात होते. मी वही उघडून वाचून दाखवली. साडेसातला इतिहास. सव्वाआठला भूगोल. साडेनऊला मराठी वाङ्मय. मग समाजशास्त्र, मग गृहअर्थशास्त्र, शेवटी कंपलसरीचे तास. कॉलेज सकाळचंच होतं.

बाबांनी हात धुतले. बाजूच्या ढिगातून गिट्टीचे खडे उचलून पुलियाच्या कठड्यावर एका रांगेत मांडले. पहिल्या खड्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही सावलीची साडेआठची. आपल्या इथी येते पावणेनवाले. नदी ओलांडून गडचिरोलीत तुले सव्वानऊ होते."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी हे आहे." त्यांनी पहिल्या खड्याच्या अलीकडची मोकळी जागा दाखवली. "काईच नाई."

मी इतिहास म्हणून बघितलं. मला इतिहास आवडायचा. बाबांनाही तोच हवा होता. छप्पन साली ते ट्रकच्या फाळक्याला धरून नागपूरला दीक्षेला जाऊन आले होते आणि आपण काहीतरी मोठं होताना पाहिलंय हे त्यांच्या बोलण्यात नेहमी असायचं. त्यांनी माझ्या वहीतल्या पहिल्या ओळीकडं बराच वेळ पाहिलं, जणू वाचता येत होतं.

"वसतिगृहात राह्यली त?" त्यांनी विचारलं.

"जागा नाई. लांबच्यांनाच देतात."

"सायकल?"

घरात सायकल एक, बाबांची. तिच्यावर त्यांची घमेली आणि फावडं. शिवाय पुलापलीकडच्या जंगलातून पहाटे एकट्या पोरीला सायकलवर कोण पाठवणार होतं? त्यांनीच मान हलवली. मग ते शेवटच्या खड्यावर आले. दीडची परतीची. ती धरली की मी सव्वादोनच्या आत घरी. एका बाजूला सव्वानऊ, दुसऱ्या बाजूला दीड, मध्ये जे बसेल ते घ्यायचं. मध्ये बसत होते मराठी वाङ्मय, समाजशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र. तिन्ही बरोबर बसले. एक मिनिटही इकडं तिकडं नाही.

"बी.ए. म्हंजे बी.ए.," बाबा म्हणाले. "विषय कोणताबी असला त काय? मास्तरीण त होशीन ना?"

"हाव," मी म्हणाले, आणि तिथंच फॉर्म भरला.

बाबांना त्या दिवसाचा फार अभिमान होता. विहारात, पानठेल्यावर, जिथं म्हणून चार माणसं भेटतील तिथं ते सांगायचे की पोरीचे विषय मीच बसवून दिले. शिकलेल्या लोकांना जमलं नसतं असं काहीतरी आपण केलं, असं त्यांना वाटत होतं. आणि मलाही तसंच वाटत होतं, उगीच खोटं कशाला सांगू?

कॉलेजच्या तीन वर्षांतलं मला काय आठवतं? थांबा आठवतो. उन्हात उभं राहणं, गाडीत उभं राहणं, परत थांब्यावर उभं राहणं. गडचिरोली त्याच सुमारास जिल्हा झाला, त्यामुळं गाडीत सायबांचे शिपाई, फायलींचे गठ्ठे आणि बदली होऊन आलेल्यांचे बिस्तरे भरलेले असायचे. श्रावणात पुलावरून पाणी गेलं की गाडी अलीकडंच थांबे आणि आम्ही दोन-दोन दिवस घरी. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी स्वतःच गैरहजर, कारण बांधीत वाकायला घरातला प्रत्येक हात लागे. गृहअर्थशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकात आम्हाला खिचडी करायला शिकवली. मी दहा वर्षांची असल्यापासून घरच्या सहा माणसांची खिचडी करत होते. तरी वहीत कृती लिहिली, आकृती काढली, सही घेतली. मास्तरीण व्हायचं तर हेही करावं लागत असेल, असं धरून चालले.

पास झाले, चांगल्या गुणांनी झाले. गुणपत्रिका घेऊन बी.एड.च्या फॉर्मसाठी चंद्रपूरला गेले. तिथं खिडकीच्या आत एक वयस्क बाबू होते. त्यांनी चष्मा वर करून गुणपत्रिका वाचली, खाली ठेवली, परत उचलली.

"बाई, शिकवान काय तुम्ही?"

"मिडलला शिकवायचं आहे."

"थे समजलं. पण विषय कोणता शिकवान? दोन शालेय विषय लागते. मराठी एक झाला. दुसरा कुठी आहे?"

मी समाजशास्त्र म्हणाले. त्यांनी माझ्याकडं कीव केल्यागत पाहिलं. "समाजशास्त्र कोणत्या वर्गाले आहे शाळेत? पाचवीले? सातवीले?" मी गृहअर्थशास्त्र म्हणालेच नाही. इंग्रजी विचारलं, तर कंपलसरीचं चालत नाही म्हणाले. मागं रांग होती. एक पोरगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. मी बाजूला होऊन भिंतीपाशी उभी राहिले.

बाबू वाईट नव्हते. रांग संपल्यावर त्यांनी मला परत बोलावलं आणि एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं. इतिहास हा जादा विषय घेऊन बाहेरून परीक्षा द्यायची. पहिल्या वर्षाचे पेपर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. वर्षाला एक. मग या. "सुरवातीलेच इतिहास घेतला असता त आज फॉर्म भरून गेल्या असत्या," असं ते म्हणाले, अगदी सहज. बाकी सगळं विसरले, हे वाक्य विसरले नाही.

परतीच्या गाडीत मी रडले नाही. चिडलेली होते, आणि चिडायला कुणी सापडत नव्हतं. गुरुजींवर चिडावं तर त्यांना माहीत नव्हतं. कॉलेजच्या बाबूंवर चिडावं तर त्यांनी मनचे घ्या म्हटलं होतं. राहता राहिले बाबा, त्यांचे ते खडे आणि त्यांच्या त्या गाड्या. गाडी आमच्या थांब्यावर आली तेव्हा ते सडकेच्या कडेला फावडं टेकून उभे होते. गाडी ओळखून हसत पुढं आले.

"झालं काय वो?"

सांगायचं तोंडापर्यंत आलं होतं. तुमच्यामुळं झालं, असंच आलं होतं. त्यांच्या पायाला डांबर लागलेलं होतं आणि चेहऱ्यावर ते हसू. मी म्हणाले, "नियम बदलला बाबा. नवीन नियम निघाला. आता आणखी एक विषय द्यावा लागते."

"कोणता?"

"इतिहास."

त्यांनी फावडं उचललं. मान हलवली आणि परत खड्ड्याकडं वळले. मला वाटलं, खोटं पचलं. सुटल्यासारखंही वाटलं आणि आणखी एकटं पडल्यासारखंही.

पुढची तीन वर्षं म्हणजे नुसतं वय वाढणं. दुपारी विहाराच्या ओसरीवर पुस्तक उघडायचं, रोवणीत चिखलात वाकायचं, निंदण, कापणी, आणि मार्चमध्ये परीक्षा. राजे, लढाया, तह, सनावळ्या. मला इतिहास आवडायचा म्हणाले ना, तो या तीन वर्षांत आवडेनासा झाला. माझ्या बरोबरीच्या पोरींची लेकरं बालवाडीत जायला लागली होती. स्थळं येऊन परत जात होती, आणि येणाऱ्यांना "परीक्षा आहे" हे कारण दरवर्षी सांगताना आईची लाजेनं मान खाली जायची. मी बाबांशी तुटक बोलू लागले. त्यांनी "काय वाचून राह्यली?" विचारलं की "इतिहास" एवढंच म्हणायची, आणि मुद्दाम जोरात म्हणायची. कधी कधी सुट्टीच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून कुठंतरी जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. कुठं गेला होता हे मी विचारलं नाही. खरं म्हणजे मला त्यांच्यात रस उरला नव्हता. मी थकले होते, आणि थकलेल्या माणसाला फक्त स्वतःचंच दिसतं.

शेवटी इतिहास झाला, बी.एड. झालं आणि मला पोंभुर्ण्याच्या बाजूला मिडलच्या शाळेत नोकरी लागली. जंगलाला लागून गाव, सातवीत सहा मुली. पहिल्या दिवशी हजेरीपट हातात घेतला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र खुर्चीवर बसायला मिळालं एवढंच बरं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले. सुट्टी संपली त्या सकाळी पोंभुर्ण्याकडं परतायला मला मूल गावाकडं जाणारी गाडी धरायची होती. ती आठची. पण बाबांनी मला साडेपाचला उठवलं.

"चाल सडकेवर. तुले एक दाखवाचं आहे."

"इतक्या लवकर काय आहे तिथं?"

"चाल त."

थंडी होती. आम्ही थांब्यावर जाऊन उभे राहिलो. तिथं पाच-सहा पोरी होत्या, आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या, वह्या छातीशी धरून. मला वाटलं कुठल्या लग्नाबिग्नाला निघाल्या असतील. सव्वासहा झाले असतील नसतील, सावलीकडून दिवे दिसले आणि लाल गाडी येऊन उभी राहिली. समोर पाटी, गडचिरोली. मी बाबांकडं बघितलं. ते पाटीकडं बघत होते.

"चार महिने झाले," ते म्हणाले. "सावलीले मुक्कामाले ठेवते आता. सव्वासहाले आपल्या इथी येते."

"कशी काय सुरू झाली?"

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घालून घालून मऊ झालेला कागद काढला. गुरुजींच्या अक्षरातल्या अर्जाची जवळ ठेवलेली प्रत होती, खाली गावच्या माणसांच्या सह्या आणि अंगठे. डेपोच्या सायबांना विनंती. मी गाडीच्या दिव्यात वाचली. 'पहाटेची गाडी नसल्याने आमच्या गावच्या मुलींना साडेसातच्या तासाला पोहोचता येत नाही व त्यामुळे इतिहास हा विषय घेता येत नाही. पुढे त्यांचे नुकसान होते.' खाली तारीख होती. मी चंद्रपूरच्या खिडकीवरून परत आले होते, त्याच्या पुढच्याच आठवड्यातली.

"हा पयला," बाबा म्हणाले. "असे सात झाले."

कंडक्टरनं घंटी मारायला हात वर केला होता. मी विचारलं, "तुम्हाले माहीत होतं?"

"गुरुजीले इचारलं ना त्याच दिवशी. नियम बदलला काय म्हून. थे म्हणे, असा काई नियम निघला नाई." ते खाली बघत होते, सडकेकडं. "खडे मीच मांडले होते वो, बाई."

"मंग बोलले काऊन नाई? तीन वर्षं?"

"तू मले सांभाळून राह्यली होती. मंग मी थे कायले मोडू?"

मी आठच्या मूलच्या गाडीसाठी थांबायला हवं होतं. शाळा त्याच दिवशी सुरू होणार होती आणि मी आजवर एकदाही उशीर केलेला नव्हता. तरी पिशवी उचलून मी त्या उलट्या दिशेच्या गाडीत चढले. बाबांनी का म्हणून विचारलं नाही. गाडी पुलावरून गेली. पोरी मागच्या बाकावर एकमेकींच्या वह्या बघत होत्या, कुठल्या तरी तहाच्या कलमांवरून त्यांचं भांडण चाललं होतं. कॉलेजच्या फाटकापाशी त्या उतरल्या, त्यांच्यामागं मी उतरले. वयानं त्यांची मावशी शोभेन अशी, हातात पिशवी. आत व्हरांड्यात घड्याळ होतं. सातला पाच कमी होते. पोरी पळाल्याही नाहीत, गप्पा मारत आत गेल्या. एवढा वेळ होता त्यांच्याजवळ.

फाटकाशेजारच्या दगडावर मी बसले आणि मनसोक्त रडले. साडेसातची घंटा ऐकली. मग परतीची गाडी धरली.

बाबा त्याच तुकड्यावर काम करत होते, पुलियापासून थोडं पुढं. कंडक्टरला सांगून मी तिथंच उतरले. ते फावडं टेकून उभे राहिले, हसले नाहीत, नुसते बघत राहिले.

"पावणेसाताच्या पुढं पोचते," मी म्हणाले. "सातला पाच कमी होते."

"मंग इतिहास होते ना?"

"होते, बाबा. आरामात होते."

त्यांनी मान हलवली. मी पिशवी पुलियावर ठेवली आणि त्यांच्या हातातलं घमेलं घेतलं. आठची मूलची गाडी निघून गेली होती, पुढची दुपारची होती, आणि तोवर माझ्याकडं वेळ होता.